हार्बरचं निळं पुस्तक

गिल्बर्ट फुर्ताडोकडे मी टायपिंगसाठी म्हणून लागले. पहिल्याच दिवशी त्याने मला टाइपरायटरसमोर बसवण्याऐवजी एका पत्र्याच्या खोक्यासमोर बसवलं. सत्त्याहत्तर सालचा फेब्रुवारी महिना, सॅन लिअँड्रोमध्ये नळांचं सामान विकणाऱ्या दुकानाच्या मागची जागा. खोक्याला फ्लॉपी डिस्कचा ड्राइव्ह जोडलेला होता आणि तो कुणीतरी कढई खरवडत असल्यासारखा आवाज करत होता.

"वर्ना, यातलं तुला काय कळतं?" त्याने विचारलं.

"काहीच नाही."

"छान. मग पुस्तक तूच लिही."

मी तेव्हा सेहेचाळीस वर्षांची, विधवा, शाळाखात्यात सोळा वर्षं हजेरीपट सांभाळून बाहेर पडलेली. हजेरीपटाने एक खोड लावली होती: माणूस समोर आला की त्याची मनात नोंद करायची. कोण वेळेवर येतो, कोण कारणं सांगतो, कोण दुसऱ्याची हजेरी लावतो. गिल्बर्ट माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आजोबा पोर्तुगालच्या अझोर्स बेटांवरून आलेले, बाप दूधवाला, आणि हा स्वतः बारा वर्षं पीच आणि टोमॅटो डबाबंद करणाऱ्या कारखान्यात पंचकार्डांवर हिशेब चालवणारा. त्याच्या नावापुढे मी पहिल्या आठवड्यातच लिहून ठेवलं होतं: खोटं बोलत नाही, आणि त्यामुळे त्याच्याशी बोलणं अवघड जातं.

त्या काळी घरगुती कॉम्प्युटर बनवणारे गल्लोगल्ली होते आणि प्रत्येकाचं यंत्र निराळं. डिस्क जोडता यायची, पण डिस्कवर काय कुठे ठेवलंय हे यंत्राला कोण सांगणार? कोठार बांधावं, पोत्यांनी भरावं आणि कोठारावर माणूसच नेमू नये, अशातली गत. तो माणूस गिल्बर्टने लिहिला आणि त्याचं नाव ठेवलं हार्बर. हार्बरला चाळीस कामं येत, प्रत्येकाला एक नंबर. प्रोग्रामने नुसतं 'पंधरा' म्हणायचं, की फाइल उघडून हातात. यंत्र कुणाचंही असो. एकाच्या यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम दुसऱ्याच्या यंत्रावर चालायला लागला, तेव्हा लोकांनी आम्हाला फोन करकरून हैराण केलं.

पुस्तक लिहायची माझी पद्धत अडाण्याची होती. मी विचारायचे, "पंधरा म्हटल्यावर काय होतं?" तो सांगायचा. "आणि फाइल नसेलच तर?" तो सांगायचा. "आणि डिस्कच नसेल तर?" यावर तो उठून खोक्याकडे जायचा, करून बघायचा आणि मग सांगायचा. मी ते माझ्या शब्दांत लिहायचे. चाळीस कामं, प्रत्येकाचं पान वेगळं: काय द्यायचं, काय मिळतं, काय बिघडतं. हार्बरमधले दोषही मी लिहिले. सव्वीस नंबरचं काम म्हणजे फाइल केवढी आहे ते सांगणं. फाइलमध्ये नुकतंच काही लिहिलं आणि ती बंद न करता आकार विचारला, तर हार्बर आधीचाच आकार सांगायचा.

"हे पण लिहू?" मी विचारलं.

"खोटं आहे का ते?"

"नाही."

"मग लिही. सव्वीस नंबर मी दुरुस्त करीनच कधीतरी. तोवर एखाद्याचा अख्खा रविवार त्यात वाया जायला नको."

स्टेशनरीवाल्याकडे जाड निळा कागद पडून होता, म्हणून वेष्टन निळं झालं. पुढे लोक त्याला निळं पुस्तकच म्हणू लागले. महिन्यातून एकदा शाळेच्या सभागृहात कॉम्प्युटरवेड्यांची सभा भरायची. तिथे माणसं पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती घेऊन यायची आणि लाजत लाजत माझी सही मागायची. चोरलेल्या पुस्तकावर लेखिकेची सही. मी देत असे. एक्केचाळीस सह्या दिल्या. हा आकडा मला पाठ आहे, यावरूनच काय ते समजा.

आता हमीपत्राबद्दल. आमचे वकील क्रूगर. त्यांनी सुरुवातीलाच एक कागद तयार करून दिला होता. ज्याला पुस्तक हवं त्याने आधी त्यावर सही करायची: यातला मजकूर गुप्त आहे, मी तो कुणाला दाखवणार नाही आणि हार्बरसारखं दुसरं काही बनवायला वापरणार नाही. सही करून कागद परत आला की मगच पुस्तक टपालात टाकायचं. पहिले काही महिने मी तसंच केलं. पण यात पंधरा-पंधरा दिवस जायचे. तेवढ्यात गिऱ्हाईक फोन करायचा, यंत्र उघडून बसलोय म्हणायचा, आणि त्याला चाळीसच्या चाळीस कामं तोंडी सांगत गिल्बर्ट तास तास अडकायचा. मग मी कागद पुस्तकाबरोबरच पाठवू लागले, सही करून परत करा म्हणून. परत कोण करतं? आधीचे धरून एकूण अकरा आले. एकोणऐंशीच्या वसंतात कागदांचा गठ्ठा संपला तेव्हा मी नवा छापूनच घेतला नाही. कुणाला विचारलं नाही, कुणाला सांगितलं नाही. ज्या सभागृहात लोक आपापले प्रोग्राम टेबलावर ठेवायचे आणि 'घ्या, सुधारा, परत आणा' म्हणायचे, तिथून घरी येऊन 'गुप्त' असा शिक्का मारायला माझा हात उचलेना.

ऐंशी साली यंत्रांच्या पोटात बसणारी नवी चिप आली, जुनीच्या दुप्पट ताकदीची. तिच्यासाठी हार्बर नव्याने लिहावं लागणार होतं. गिल्बर्टने ठरवलं की लिहायचंच तर या वेळी स्वच्छ लिहायचं. जुने सगळे दोष काढायचे, सव्वीस नंबरसकट. ओरेगनमधल्या एका छोट्या कारखान्यातला डेल प्रेंटिस नावाचा माणूस फोन करायचा. त्याने नव्या चिपचं यंत्र बनवून ठेवलं होतं आणि त्यावर चालवायला हार्बर नव्हतं.

"कधी मिळेल?" तो विचारायचा.

"नीट झालं की," गिल्बर्ट सांगायचा.

हे तीनदा झालं. चौथा फोन आला नाही. गिल्बर्टची बायको लॉरेन इस्पितळात नर्स होती. दुपारची पाळी सुटली की गोड पाव घेऊन कचेरीत डोकवायची. ती मला म्हणाली, "अगं, याचं मूल नऊ महिन्यांत होईल असं समजू नकोस. हा हत्तीण आहे."

"पण हत्ती मोठा होतो," गिल्बर्ट आतून म्हणाला.

"तोवर लोक घोडे घेऊन निघून जातात, गिल."

प्रेंटिसने घोडा स्वतःच बनवला. एका उन्हाळ्यात, एकट्याने. आणि यंत्रं बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीला तो विकला. कंपनीने तो आपल्या नव्या यंत्रात घातला. एक्क्याऐंशीच्या ऑगस्टात ओकलंडच्या दुकानात ते यंत्र आलं, तेव्हा गिल्बर्ट आणि मी बघायला गेलो. विक्रेता टाय लावून उभा होता. गिल्बर्टने विचारलं, "जरा चालवून बघू?" आणि पाच ओळींचा एक प्रोग्राम लिहिला. तो हार्बरला लिहिला असता तसाच, त्याच नंबरांनी. चालला. मग त्याने फाइलमध्ये काहीतरी लिहिलं, ती बंद न करता सव्वीस म्हटलं. पडद्यावर जुनाच आकार आला.

गिल्बर्ट हसला. मोठ्याने, मोकळेपणाने, विक्रेताही बिचारा बरोबर हसला. मग गिल्बर्ट तिथल्याच एका खोक्यावर बसला आणि बराच वेळ उठला नाही.

"त्याने माझी चूकसुद्धा घेतली," तो म्हणाला. "सात महिने मी ती काढण्यात घातले."

मला त्या क्षणी कळलं की ती चूक प्रेंटिसला कुठून मिळाली. पुस्तकाचं पान बासष्ट.  गिल्बर्टला ते माझ्याआधी कळलं असणार.

क्रूगर वकिलांनी दावा दाखल केला आणि आम्हा दोघांना समोर बसवून परिस्थिती सांगितली. प्रोग्रामची चोरी सिद्ध करणं कठीण; आपण प्रोग्राम पाहिलेलाच नाही असं प्रेंटिस म्हणणार, आणि ते खरंही असेल. एकच वाट होती. पुस्तक गुप्त होतं आणि प्रत्येक घेणाऱ्याला ते माहीत होतं, असं दाखवायचं.

"सह्यांचे कागद कुठे आहेत, मिसेस हॉगन?"

"कपाटात," मी म्हटलं.

"प्रेंटिसच्या कारखान्याचा आहे?"

"शोधायला लागेल."

शोधण्यासारखं काही नव्हतं. अकरा कागद एका बाकदार पिनेत मावत होते. क्रूगर माझ्याकडे बघत राहिले. मग सावकाश म्हणाले, "नसला तरी चालेल. कागद गहाळ होतात. कचेरीची नेहमीची पद्धत काय होती एवढं तुम्ही शपथेवर सांगितलंत, की आधी सही आणि मग पुस्तक, तरी कोर्ट मानतं. तुम्ही सोळा वर्षं हजेरीपट सांभाळलेल्या बाई आहात. तुमच्या शब्दाला वजन आहे." आणि त्यांनी पुढे काही विचारलं नाही. ज्याचं उत्तर ऐकायचं नसतं ते विचारायचं नाही, याचेच वकिलाला पैसे मिळतात. गिल्बर्ट खिडकीबाहेर पाहत होता.

रविवारी चर्चहून परतले तर लॉरेन माझ्या पायरीवर बसलेली. गणवेशातच, मांडीवर पीच भरून भाजलेल्या पायची थाळी. आत येऊन तिने स्वतःच कॉफी ओतून घेतली.

"घर गहाण आहे," ती म्हणाली. "पण मी त्यासाठी नाही आले. घर गेलं तर मी दुसरं बघीन. वर्ना, तो जेवत नाही. बसतो आणि त्या यंत्राची जाहिरात वाचतो. त्यात स्वतःचं नाव शोधतो, असं मला वाटतं. एवढं एकदा कुणीतरी म्हणायला पाहिजे की हे गिल्बर्ट फुर्ताडोने केलं. कोर्टाने म्हटलं तर उत्तमच."

"लॉरेन, मी ते कागद—"

"मला सांगू नकोस. मी आत्तापर्यंत काही ऐकलेलं नाही. तू त्याचं काय खाल्लंस-प्यायलंस तेही मी काढत नाही. फक्त एवढं लक्षात ठेव, की ते पुस्तक तू लिहिलंयस. त्याने नाही."

पीच पाय उत्तम झाली होती. मी ती दोन दिवसांत एकटीने संपवली आणि वाक्य पाठ केलं: आमची पद्धत अशी होती की आधी हमीपत्रावर सही घ्यायची आणि मगच पुस्तक पाठवायचं. आरशासमोर म्हणून पाहिलं. शाळाखात्यातल्या तोंडाने म्हटलं तर ते अगदी खरं वाटायचं. एकेकाळी खरं होतंही.

जबान्या ओकलंडला झाल्या, कोर्टाबाहेरच, एका कचेरीच्या नवव्या मजल्यावर, एका लांब टेबलाशी. एक बाई सगळं यंत्रावर टिपून घेत होती. आधी प्रेंटिस. मी कुणी गुलछबू येईल अशी वाट बघत होते. आला तो तिशीतला, अरुंद टायचा, नखं कुरतडलेला माणूस. गिल्बर्टला पाहून उठून उभा राहिला आणि हात पुढे करावा की नाही हे न कळून परत बसला. क्रूगरनी विचारलं, हार्बरचा मूळ प्रोग्राम तुम्ही कधी पाहिलात का?

"नाही. गरजच पडली नाही. माझ्याकडे हे होतं."

त्याने पिशवीतून पुस्तक काढून टेबलावर ठेवलं. कणा तुटलेला, पाठीला चिकटपट्ट्या. पानांच्या कडा बोटांनी काळ्या झालेल्या. प्रत्येक पानाच्या समासात बारीक अक्षरात टिपा. माझं पुस्तक इतकं वाचलेलं मी कधी पाहिलं नव्हतं. सभागृहातल्या एक्केचाळीस जणांनी मिळूनही ते इतकं वाचलं नसेल.

"यात सगळं आहे," प्रेंटिस म्हणाला. "काय द्यायचं, काय मिळतं, काय बिघडतं. मी पानापानाने लिहीत गेलो. सव्वीस नंबरला मी थांबलो होतो, नीट करावं का म्हणून. पण लोकांचे जुने प्रोग्राम त्या चुकीला धरून लिहिलेले. पुस्तकात आहे तसंच ठेवलं." मग तो क्रूगरना सोडून आमच्याकडे वळला. "मी अशी बरीच पुस्तकं वाचलीत. एवढं स्वच्छ कुणी लिहिलेलं नाही. कुणी लिहिलं हे?"

त्याच्या वकिलाने त्याच्या कोपराला हात लावला. टिपणाऱ्या बाईची बोटं थांबली.  माझ्या गळ्यापासून कानापर्यंत ऊब चढत गेली, आणि ती लाजेची नव्हती.

मग माझी पाळी. शपथ झाली. प्रेंटिसच्या वकिलाने विचारलं, "पुस्तक पाठवण्याआधी प्रत्येकाकडून सही घेत होतात?"

वाक्य जिभेवर तयार होतं. मी म्हटलं, "सुरुवातीला. एकोणऐंशीच्या वसंतानंतर नाही."

"का बंद केलंत?"

"कागद संपले."

"मिस्टर फुर्ताडोंनी बंद करायला सांगितलं होतं?"

"नाही. मीच केलं. त्यांना माहीतही नव्हतं."

क्रूगरनी पेनाला टोपण लावलं.

पुढे कितीतरी वर्षं मी हे स्वतःशी जुळवून पाहिलं आहे. शपथ घेतली होती म्हणून खरं बोलले, असं म्हणायला मला आवडेल. चर्चमध्ये मी तसंच सांगितलं. पण अर्ध्या तासापूर्वीपर्यंत मी खोटं बोलायला घरून निघालेली बाई होते, आणि त्या अर्ध्या तासात एकच गोष्ट घडली होती: एका अनोळखी माणसाने माझं पुस्तक छान आहे म्हटलं होतं. त्यानंतर ते गुप्त होतं, कुणी वाचायलाच नको होतं, असं माझ्या तोंडून निघेना. या दोन कारणांतलं कुठलं किती, हे मला आजही मांडता येत नाही.

परतताना गाडी गिल्बर्ट चालवत होता. गिल्बर्टच्या जुन्या कारखान्याच्या फाटकाशी टोमॅटोचे ट्रक रांगेत उभे होते, म्हणून थांबावं लागलं.

"मला सांगितलं का नाहीस तेव्हा?" त्याने विचारलं.

"तू म्हणाला असतास, बरं केलंस."

त्याने विचार केला. "हो. म्हणालो असतो."

"गिल, माझ्यामुळे गेलं का सगळं?"

पुढे बाकी सगळे मला नाही म्हणाले. क्रूगरसुद्धा म्हणाले की दावा मुळातच लंगडा होता. ट्रक हलला तसा गिल्बर्टने गिअर टाकला.

"बरंचसं," तो म्हणाला. "थोडं माझ्या उशिरामुळे."

दावा कोर्टाबाहेरच मिटला, हाती विशेष काही न लागता. नवं हार्बर चार महिन्यांनी तयार झालं, सुंदर, एकही दोष नसलेलं. तोवर सगळे प्रेंटिसच्या घोड्यावर बसले होते. पुढच्या वर्षी कचेरीत आम्ही सहा जणांचे तीन झालो, मग दोन. तेव्हा त्या मोठ्या कंपनीच्या सॅन होजेच्या कचेरीतून मला पत्र आलं. त्यांना त्यांच्या प्रणालीचं पुस्तक लिहायला माणूस हवा होता आणि प्रेंटिसने माझं नाव सुचवलं होतं.

मी पत्र गिल्बर्टच्या टेबलावर ठेवलं. त्याने वाचलं.

"जा," तो म्हणाला. "निदान एका माणसाला तरी तिथे ठाऊक असेल की ती प्रणाली काय करतेय."

लॉरेन दारात उभी होती. "अभिनंदन," ती म्हणाली. "जबानी चांगली लागू पडली तुला."  तिचं-माझं तेवढंच शेवटचं बोलणं.

मी गेले. बावन्नाव्या वर्षी दुसरं कुठे कोण घेणार होतं? तिथल्या माझ्या पहिल्या पुस्तकाच्या सुरुवातीला मी एक ओळ लिहिली: या कामांची मूळ रचना सॅन लिअँड्रोच्या गिल्बर्ट फुर्ताडो यांची. कंपनीच्या वकिलांनी ती खोडली. दुसऱ्या आवृत्तीत परत लिहिली, परत खोडली. चौथ्या वेळी तिथला साहेब म्हणाला, "वर्ना, तू दमत नाहीस का?" मी म्हटलं, "तुम्ही दमता का बघते."

छापून आलं की पहिली प्रत मी गिल्बर्टला पाठवायचे. पहिल्या खेपेला मला वाटलं होतं परत येईल. आली, पण महिन्याने, आणि आत शिसपेन्सिलीने पानापानावर दुरुस्त्या. इथे 'काय बिघडतं' अर्धवट आहे. इथे डिस्क भरलेली असेल तर? चिठ्ठी नाही, नमस्कार नाही, सही नाही. अठरा चुका, सगळ्या खऱ्या. मी त्या पुढच्या आवृत्तीत घातल्या आणि ती प्रतही त्याला पाठवली. पुढच्या खेपेला बारा आल्या. मग नऊ. त्याच्याकडून मला असं तीनदा टपाल आलं. तो तेव्हा एका पाणीपुरवठा खात्यात नोकरीला होता असं दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

चौथी प्रत अठ्ठ्याऐंशीच्या नोव्हेंबरात परत आली. पाकीट फोडलेलंच नव्हतं. मागच्या बाजूला लॉरेनच्या अक्षरात एक ओळ होती: इथे आता हे वाचणारं कुणी नाही.

मी ती प्रत घरी नेली, स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसले आणि पेन्सिल घेऊन पहिल्या पानापासून वाचायला लागले. तीन शनिवार गेले. सापडल्या दोन, त्याही छपाईच्या. त्याला किती सापडल्या असत्या ते मला माहीत नाही.